गटाच्या टिलरचा कारब्रेटर

"टिलर देऊन टाका भंगारात," उकंडराव म्हणला, अन् बाया मेंढरावानी माना हालवाले लागल्या. माझ्या मस्तकात अशी तिडीक गेली का इचारू नोका.

मीटिंग आमच्या महिला बचत गटाची होती. गट बायायचा, अध्यक्ष भागिरथाबाई, अन् बोलून कोण राह्यला होता? भागिरथाबाईचा नवरा! आमच्या गावात हे असंच हाये. बाई खुर्चीवर, नवरा खुर्चीच्या मांगं, अन् तोंड नवऱ्याचं.

"भंगारात कायले?" म्या म्हणलं. "मले द्या. मी चालू करते."

बाया हासल्या. उकंडराव तं पोट धरून हासला. "अवं पौर्णिमा, त्या इंजनात राह्यलं काय? कारब्रेटर नाही, कॉइल नाही, दोरीचा स्टार्टर नाही. नुसतं टरफल हाये. बाकीचं कुठी गेलं ते तुमच्या घरी इचार."

असं म्हणून त्यानं मिशीवरून हात फिरवला. सगळ्या बाया खाली पाहाले लागल्या. म्या दात आवळले अन् म्हणलं, "टरफल तं टरफल. मले पायजे."

तो टोमणा कोणाले होता ते सांगते. माझ्या नवऱ्याले. रवी त्याचं नाव. आमच्याकडं बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत, 'हे' म्हणतात. मीबी म्हणत होती. पण गावानं त्याच्या नावाले चोर हा शब्द चिकटवला तवापासून मी ते नाव मुद्दाम घेते, अन् मोठ्यानं घेते. ज्याच्या कानाले टोचते त्याले टोचू द्या.

टिलर म्हणजे काही मोठं यंत्र नाही. दोन चाकं, खाली फिरणारे दाते, मांगं धराले लांब दांडे, वर पेट्रोलचं इंजन. पाझर तलावाच्या कडेले गटाची जागा हाये, तिथं एकेकीच्या भाजीपाल्याचे वाफे हायेत. एवढ्याशा तुकड्यात बैलजोडी वळत नाही. म्हणून एका बागवाल्याकडून गटानं हा जुना टिलर घेतला. चालवाले रवी. त्याच्या हाती ते मशीन असं चाले का वाफ्याची वरंबी मोडत नसे, कोपरा सुटत नसे. ठेवाले जागा मातर कोणाच्याच घरी नव्हती, म्हणून उकंडरावचा पत्र्याचा गोठा. कुलपाच्या चाव्या दोन. एक उकंडरावजवळ, एक रवीजवळ.

तीन वर्सांखाली, तुरीवर फवारणीचे दिवस होते. सकाळी रवी टिलर काढाले गोठ्यात गेला तं इंजन उघडंबोडकं. अर्धे पार्ट गायब. तो पळत उकंडरावले सांगाले गेला, अन् उकंडरावनं घंट्याभरात मारोतीच्या पारावर गाव जमा केलं.

"कुलूप तुटलं नाही," तो म्हणला. "चाव्या दोनच. मी काय माझ्याच गोठ्यात चोरी करीन?"

झालं! एवढ्यावर निकाल लागला. कोणी म्हणलं भंगारवाल्याले इकलं असन, कोणी म्हणलं रिसोडले जाताना त्याच्या पिशवीत काहीतरी जड दिसलं होतं. रवी म्हणत राह्यला, "म्या नाही नेलं, म्या नाही नेलं," पण चार लोकायसमोर बोलाची त्याले सवयच नाही. जेवढं बोलला तेवढा फसला. अन् शेवटी उकंडराव कसा म्हणला, आयका: "जाऊ द्या. गरीब हाये. पोलिसात नाही द्याचं." लोकायनं वावा केली. चोर म्हणला ते मी एखाद्या वक्ती गिळलं असतं, पण तो मोठेपणा मले आजबी झोंबते.

पंधरा दिवसात रवी पुण्याले निंघून गेला, कंपनीत. तवापासून त्यानं गावची वेस पायली नाही. सासू गेली तवा शेवटच्या दर्शनाले आला नाही, पोरीच्या शाळेतल्या बक्षिसाले आला नाही. वर्सातून दोनदा रिसोडच्या ष्टॅंडवर येते, आमी माय-लेकी डबा घेऊन जातो, तो बाकड्यावर बसून खाते, अन् आल्या पावली परत जाते. मी म्हणे, "एकदा तरी घरी चला." तो म्हणे, "माया मांगं लोक काय म्हणतात ते मले आयकू येते, पौर्णिमा."

म्हणून सांगते, मले टिलरचा सोस नव्हता. मले तो चोर पायजे होता. अन् रवी आपल्या गावात उजळ माथ्यानं चाललेला पायजे होता. त्याच्या आड जो कोणी येईन त्याले मी सोडणार नव्हती.

गोठ्यातून टिलर काढला तवा त्याच्यावर कोंबड्या बसत होत्या. सायलेन्सरात उंदरानं घर केलं होतं. दाते गंजून एकाले एक चिकटलेले. दिवसा मी सोयाबीन सोंगाले जाऊ, अन् घरी आल्यावर स्वयंपाकाच्या आधी टिलरपाशी बसू. रॉकेल मिळत नाही आता, डिझेलमधी चिंध्या भिजवून एकेक दाता घासला. हात एवढे काळे झाले का पोरगी म्हणे, "आई, भाकर मी थापते, तू पिठाले हात नोको लावू." शेजारची शीला, तीबी गटातलीच, येऊन उभी राहे अन् म्हणे, "कायले जीव काढून राह्यली बाई? गेलेलं परत येत असते काय?"

"येते," मी म्हणू. "वढून आणलं तं येते."

मंग इंजन खोलून पोत्यात बांधलं, केनवडच्या फाट्यावरून जीपमधी टाकलं अन् रिसोडले रूपला राठोडच्या दुकानात नेलं. रूपला मेकॅनिक हाये, तांड्यावरचा, तोंडानं फटकळ. पोतं उघडून पायलं अन् म्हणला, "ताई, हे दुरुस्तीले आणलं का माती द्याले?"

"तुह्या बापाची माती दे," म्या म्हणलं. तो खो खो हासला, अन् तिथून आमचं जमलं.

रिंगा चांगल्या निंघाल्या. कॉइल त्यानं एका मेलेल्या इंजनातली बसवली. दोरीचा स्टार्टर दोन मोडक्यायचा मिळून एक केला. राह्यला कारब्रेटर. त्याच मॉडेलचा एक त्याच्याकडं पडून होता. आता बसवाचं सोपं असते. इंजनातून दोन बोल्ट बाहेर आलेले असतात, कारब्रेटरच्या दोन भोकातून ते घालाचे अन् वरून नट आवळाचे. रूपलानं कारब्रेटर लावला तं एका भोकातून बोल्ट गेला, दुसऱ्यातून जाईना.

"हा बोल्ट जाड हाये," तो म्हणला. "कोण्या शहाण्यानं एक बारीक अन् एक जाड बोल्ट लावला? थांब, भोक मोठं करतो." अन् त्यानं ड्रिल उचललं.

"थांब!" मी अशी वरडली का रस्त्यावरचा माणूस थबकला.

तो शहाणा मले माईत होता. रवीच होता तो! टिलर आणला त्याच वर्सी एका बोल्टाचे आटे गेले होते. रवीनं ते भोक मोठं करून जाड बोल्ट बसवला होता, अन् त्याच्यासाठी कारब्रेटरचं एक भोक कानसीनं घासघासून वाढवलं होतं. माझ्याच उंबऱ्यावर बसून घासलं होतं. म्हणजे गेलेल्या कारब्रेटरचं एक भोक मोठं हाये!

"रूपला," म्या इचारलं, "मोठ्या भोकाचा कारब्रेटर कोणी साध्या इंजनले लावला तं काय होईन?"

"ढिल्ला बसन. नटाखाली मोठा वायसर टाकावा लागन, नाहीतं नट भोकातच घुसन. अन् टाकला तरी हवा धरन. इंजन खोकलत चालन."

खोकलत! आमच्या गावात एकच इंजन खोकलत चालत होतं. दरवर्सी तुरीच्या फवारणीत अख्ख्या शिवाराले आयकू येई, धाड धाड अन् मधीच फुसफुस. लोक म्हणत, "उकंडरावचं मशीन आलं." फवारणीचं मशीन त्याचं, पण इंजन टिलरच्याच जातीचं. फवारणी झाली का तो त्याच्यावर पोतं बांधून ठेवे. आमी म्हणत होतो, लय जपून वापरते बाप्पा.

रूपलाचा कारब्रेटर मी घेतला नाही. त्याले म्हणलं, "याले गावातच औषध हाये."

आता जाऊन बोंबलाचं काय? तो म्हणला असता, 'पाय तुले पाहाचं ते,' अन् मी पाहाच्या आधी वायसर गायब. रवीनं हीच चूक केली होती, पळत जाऊन त्यालेच सांगलं. मी मूग गिळून बसली. भागिरथाबाई ताकाची बरणी घेऊन आली, तिच्यापाशीबी बोलली नाही. ही बाई तीन वर्सांपासून माझ्या दारात येऊन बसे. माझ्यासंग डोळे पुसे. "धीर धर वं, खरं कधीतरी बाहेर येते," म्हणे. मले तिची माया होती, खोटं कायले बोलू.

मी खंडेनवमीची वाट पाहून राह्यली होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातलं सारं लोखंड बाहेर निंघते. नांगर, वखर, इळे, कुऱ्हाडी, मोटरसायकल, मशीनी, सारं धुवून अंगणात मांडाचं, हळदकुंकू लावाचं, झेंडूचं फूल वाहाचं. त्या दिवशी हत्याराले काम नाही सांगाचं. अन् एक समजूत हाये: जे लोखंड पूजेतून राह्यलं ते त्या वर्सी मालकाचं रगत काढते. आमी बुद्धाचे, आमच्या घरी हे नाही. आमचा दुसरा दिवस मोठा, धम्मचक्राचा. पण उकंडराव पक्का देवभोळा. चोरी करन, पण चोरीच्या लोखंडाले हळदकुंकू लावल्याबिगर राहाचा नाही. मांगच्या वर्सीबी त्यानं मांडलं असनच, पण तवा कोणाले माईत होतं काय पाहाचं ते!

मी शीलाले अन् गटातल्या चारपाच बायायले म्हणलं, "गटाचा टिलर हाये. याचीबी पूजा अध्यक्षाच्या अंगणात झाली पायजे." बाया खूश. इंजन टिलरवर परत चढवून पेट्रोल टाकून ठेवलंच होतं, आमी टिलर ढकलत नेला.

उकंडरावचं अंगण जत्रेवानी भरलं होतं. त्याच्या घरच्या पूजेले अर्धं गाव प्रसादाले येते. सारं लोखंड रांगेनं मांडलेलं, पान्यायचा अख्खा जुडगा ताटात ठेवलेला, अन् तुळशीपाशी पोत्याबाहेर काढलेलं फवारणीचं इंजन. कोरं धुतलेलं.

"आलं का टरफल!" उकंडराव मोठ्यानं म्हणला. "आणा आणा, टरफलालेबी फूल वाहू." अन् त्यानं टिलरपुढं नारळ फोडला. लोक हासले.

मी हासली नाही. मी त्या इंजनापाशी जाऊन खाली बसली. कारब्रेटर दोन नटावर होता. एका नटाखाली काही नाही. दुसऱ्याखाली पत्र्याच्या छपराले खिळ्यासंग लावतात तो मोठा डांबरी वायसर. अन् वायसरच्या कडेतून भोकाची घासलेली चंद्रकोर दिसत होती. त्याच्यावर हळदकुंकवाचं बोट लावलेलं.

म्या ताटातला दहा नंबरचा पाना उचलला.

"ए! ए!" उकंडराव धावला. "आज हत्याराले हात लावत नसतात! पूजा झाली हाये!"

"तुमी नोका लावू भाऊ. तुमाले पाप लागन. आमाले नाही लागत." अन् म्या पयला नट फिरवला.

"अवं, भागिरथा, धर तिले!"

भागिरथाबाई दारात उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक. ती जागची हालली नाही. गावातले दोघंतिघं पुढं आले, पण पूजेतल्या लोखंडाले हात लावाची कोणाची हिंमत होईना. पाना माझ्या हातात, मंग मले अडवणार कसं? त्यायच्याच देवानं त्यायचे हात बांधले. दुसरा नट निंघाला. वायसर म्या वर धरून सगळ्यायले दाखवला. "हा कायले लागला भाऊ? कंपनीच्या इंजनात असा वायसर असते काय?"

"ढिल्ला झाला होता म्हणून लावला."

"काहून ढिल्ला झाला?"

म्या कारब्रेटर काढला, टिलरपाशी नेला, अन् जाड बोल्टावर जाड भोक, बारीकवर बारीक. सरकन बसला. हालाले जागा नाही. जाड नटाले ताटातूनच तेराचा पाना घेतला, दोन्ही नट आवळले, पेट्रोलची नळी जोडली, वायर अडकवली. दोरी वढली. नाही लागलं. पुन्हा वढली. नाही लागलं. उकंडरावच्या तोंडावर हासू याले लागलं, अन् तवा म्या तीन वर्सांचा सारा राग त्या दोरीवर काढला. इंजन असं फाडकन लागलं का झेंडूचे फुलं उडून गेले. अन् खोकलं नाही. एकदाबी नाही.

"हा कारब्रेटर कोणाचा?" मी त्या आवाजावर वरडली.

म्हातारेकोतारे एकमेकाकडं पाहाले लागले. म्या इंजन बंद केलं. उकंडराव खाकरला. "आता काय हाये... फवारणीच्या घाईत घेतला असन. राह्यला माझ्याकडं. देऊन टाकाचा होता, ध्यानातून गेलं."

"राह्यला?"

"हो. राह्यला."

"तेच म्हणतो," एक बुढा म्हणला. "होते असं. माणूसच हाये. झालं, भेटला ना तुले? सणाचा दिवस हाये, वाढवू नोको."

पाहा बरं! रवीच्या पाळीले शब्द कोणता होता? चोर. पारावर, चार माणसात, त्याच्या तोंडावर. अन् उकंडरावची पाळी आली तं राह्यला! ध्यानातून गेलं! होते असं! करणी कसायाची अन् बोलणी मानभावाची. माया जिभेवर जे आलं ते मी बोलली, ते सगळं लिहाजोगं नाही.

"चोरला म्हणा," मी म्हणली. "माया नवऱ्याले ज्या तोंडानं चोर म्हणलं त्याच तोंडानं म्हणा, म्या चोरला."

"तुह्यानं होते ते कर. म्या सांगलं, राह्यला."

म्या रवीले फोन लावला अन् स्पीकर चालू केला. त्याले काय घडलं ते सांगलं, अन् फोन उकंडरावच्या तोंडापुढं धरला. त्याले बोलणं भाग पडलं. "रवी, तो कारब्रेटर माझ्याकडं राह्यला होता बाबा. तुह्यावर उगीच आलं. मनावर नोको घेऊ."

मंग रवी म्हणला, "पौर्णिमा, तिथं कोणकोण हाये?"

"सारं गाव हाये."

"मंग त्यायले इचार. उकंडराव एकटाच म्हणला होता काय मले चोर?"

म्या फोन वर धरून फिरवला, एकेका तोंडापुढं. कोणी चपलीकडं पाहे, कोणी प्रसादाच्या द्रोणाकडं. मी तीन वर्सं एका माणसाले शाप देत राह्यली, अन् इथं अख्खं अंगण उभं होतं. पिशवीत काहीतरी जड दिसलं म्हणणारा तिथंच होता. त्याच्या तोंडात बुंदी होती, ती त्याले गिळता येईना.

शेवटी शीला पुढं आली. "रवी भाऊ, म्याबी म्हणलं होतं," ती रडत म्हणली. "चोर म्हणलं होतं. चुकली मी."

"बरं," रवी म्हणला. अन् फोन ठेवला.

त्या 'बरं'नंच मले रस्ता दाखवला. "आयका," मी म्हणली. "टिलर चालू झाला हाये. मेथी, पालक, कोथिंबीर, लसूण, साऱ्यायचे वाफे करायचे हायेत, अन् चालवणारी मी एकटी हाये. मी शीलाच्या वाफ्यापासून सुरू करणार. ज्याच्या घरून रवीले फोन जाईन, अन् जे म्हणलं होतं ते तोंडानं कबूल होईन, त्याच्या घरचा वाफा शीलाच्या मांगं. ज्याले 'राह्यला' म्हणाचं असन त्यानं कुदळ घ्यावी."

"हे गटाचं मशीन हाये, तुह्या बापाचं नाही!" उकंडराव गरजला.

"तुमीच भंगारात टाकून राह्यले होते ना? मंग भंगारवालीचं आयका!"

पयले दोन दिवस सगळे तोऱ्यात. मंग शीलाचे वाफे तयार झालेले पायले, मऊ, भुसभुशीत, अन् एकेका घरातून फोन जाऊ लागले. रवी मले सांगे, "आज अमकी बोलली. आज तमका बोलला." पिशवीवाल्यानं तं फोनवर एवढे पाय धरले का रवीच लाजला. त्याचा आवाज रोज थोडा थोडा मोकळा होऊन राह्यला होता. मी मातर ढिल्ली पडली नाही. जो कोणी "गैरसमज झाला" म्हणे, त्याले मी परत फोन लावाले लावू.

सारे वाफे झाले, एक राह्यला. भागिरथाबाईचा. तो पडीकच जाणार असं सगळे धरून होते. अन् एका सकाळी मी तलावाकडं टिलर पुसत बसली असता ती एकटीच आली. हातात ताकाची बरणी नव्हती.

"लाव फोन," ती म्हणली.

म्या लावला. तिनं तो दोन्ही हातानं धरला.

"रवी भाऊ, मी भागिरथा. आमच्या घरच्यानं चोरला तो. राह्यला नव्हता. फवारणी अडली म्हणून रातचा काढला, अन् भंगारासाठी चोरी झाली वाटावी म्हणून बाकीचे पार्ट आमच्या हिरीत फेकले. तुमच्यावर यावं म्हणूनच कुलूप तोडलं नाही." तिनं माझ्याकडं पायलं नाही. "त्या वक्ती टॉर्च म्या धरला होता."

तीन वर्सं! तीन वर्सं ही बाई माझ्या उंबऱ्यावर बसून मले धीर देत होती, माझ्यासंग रडत होती, अन् टॉर्च हिनं धरला होता. उकंडरावचा मले राग होता. हिच्यासाठी मायाजवळ शब्दच नव्हता. मले वाटलं हिच्या झिंज्या धरून हिले तलावात घालावं.

"पौर्णिमा, तुले जे बोलाचं ते बोल," ती म्हणली. "मार मले."

"मारत नाही," मी म्हणली. "तुमचा नंबर लागला. वाफा होईन तुमचा. पण टिलर मी चालवणार नाही. तुमच्या घरच्याले पाठवा. दांडे त्यानं धराचे, साऱ्या बायायसमोर. मी बांधावर उभी राहीन."

"ते नाही येणार."

"मंग पडीक राहू द्या. अन् टॉर्चचं मी आज पारावर सांगते."

ती गेली. त्या घरात काय बोलणं झालं ते मले माईत नाही, पण शीला म्हणे, एवढ्या वर्सात पयल्यांदा त्या घरातून बाईचा वरचा आवाज आयकू आला. दुपारच्या आधी उकंडराव आला. डोक्यावर टोपी नाही, धोतर खोचलेलं, मान खाली. वाफ्यावाफ्यातून बाया उभ्या राह्यल्या.

म्या इंजन चालू करून दांडे त्याच्या हातात देल्ले, अन् रवीले व्हिडिओ फोन लावला. तो कंपनीच्या कपड्यात होता, जेवाच्या सुट्टीत. म्या फोन वाफ्याकडं धरला.

उकंडरावले टिलर कधी चालवता आला नव्हता. मशीन त्याले वढत नेई, तो मांगं फरफटे. वरंबी मोडली. पाय चिखलात गेला. एकदा गुडघ्यावर पडला, उठला, पुन्हा दांडे धरले. घामानं त्याचा सदरा पाठीले चिकटला. भागिरथाबाई बांधावर बसून पदर तोंडाले लावून पाहून राह्यली होती. माझ्या पोटात थंड वाटत होतं. दया आली असं मी म्हणणार नाही. आली नाही.

फोनात पायलं तं रवी डोळे बारीक करून, मान पुढं करून पाहून राह्यला होता, जसा तो आपल्या कामाकडं पाहे तसा. अन् मंग तो बोलला. लग्न झालं तवाचा आवाज होता तो, तीन वर्सांत म्या आयकला नव्हता.

"पौर्णिमा, बांधाकडचा कोपरा सोडला त्यानं. परत घे म्हणाव."

म्या हात तोंडापाशी नेला अन् साऱ्या शिवाराले आयकू जाईन असा आवाज देल्ला.

"ओ उकंडराव! रवी म्हणतात, कोपरा सुटला. मांगं घ्या!"

उकंडराव थांबला. त्यानं फोनकडं पायलं, माझ्याकडं पायलं. मंग त्यानं टिलर मांगं घेतला अन् तो कोपरा केला.